दुकानातलं अंडं

६ सप्टेंबर १९७२

वर्ग मिळाला! बर्न्ट क्रीकच्या शाळेतली पहिली ते तिसरीची पोरं आता अर्धा दिवस आपल्या चेरोकी भाषेत शिकतील आणि अर्धा दिवस इंग्रजीत. चेरोकीचा अर्धा दिवस माझा. वॉशिंग्टनहून पैसा येणार म्हणून हेडमास्तर प्रुइट आज तोंडभर हसले. एरवी या गोऱ्या माणसाला माझ्याकडे बघायलाही फुरसत नसते. खोली दिली ती मात्र मागची, जिथे आधी लाकूडफाटा ठेवायचे. राहू दे. झाडून, पुसून, फळा टांगून घेतला.

मदतीला अमोस मामा आहे. मामा म्हणजे आमच्या आईचा सख्खा भाऊ, चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस. सत्तरी उलटली आहे. त्याच्याकडून कामाचं एक वाक्य हवं असेल तर आधी पाऊसपाणी, गुरंढोरं, सगळ्यांची तब्येत असा लांबचा वळसा घालावा लागतो. पण अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखी भाषा कुणाची नाही.

या कामाचा मला अभिमान वाटतो. इथे लिहायला काय हरकत आहे, वही कोण वाचणार? पस्तिशी उलटली, नवरा टिकला नाही, मूल झालं नाही. डेलोरा केचरनं एवढं शिकून काय दिवे लावले, असं बायका विचारायच्या. आता बघा म्हणावं.

१४ सप्टेंबर

पालकांची सभा. गोरे शेतकरी पुढच्या बाकांवर, आपले लोक मागे भिंतीला टेकून. एक गोरा म्हणाला, "माझ्या पोरीनं ही गुरगुर शिकून कुठे नोकरी करायची? जंगलात?" त्याचं काही वाटलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, एवढं म्हणून सोडून दिलं असतं.

पण मग माझी सख्खी धाकटी बहीण उठली. वायनोना. ऑगस्टात कॅलिफोर्नियाहून परत आली, नवऱ्याने टाकून दिलेली, आठ वर्षांच्या डार्लाला बोटाशी धरून. आणि उठली ती इंग्रजीत बोलायला. म्हणाली, "बोर्डिंगच्या शाळेत या भाषेपायी मी साबण खाल्ला. एकदा नाही, कितीदा. माझ्या पोरीला कुणी कुठल्याच भाषेसाठी काही खायला लावू नये. तिला सरळ इंग्रजी शिकू द्या, पोट भरू द्या."

मागच्या भिंतीजवळ दोनतीन बायका माना हलवायला लागल्या. आत्ता बोलले नाही तर वर्ग गेला. मी चेरोकीत म्हटलं, "साबण चांगल्या कंपनीचा असणार. अजून इंग्रजीचा फेस येतोय."

भिंतच्या भिंत हसली. इथे भांडणाने कुणी जिंकत नाही, हशाने जिंकतं. ठराव झाला. वायनोना खाली बसली. तिला कळलं की नाही कोण जाणे, चेहऱ्यावरून तरी काही दिसलं नाही. मामा हसला नाही, पण त्याला हल्ली ऐकूही कमी येतं.

२१ सप्टेंबर

एक पोर कमी पडतंय. ठरलेला आकडा भरला नाही तर वर्ग सुरूच होणार नाही, असं प्रुइट गोड आवाजात म्हणाले.

वायनोना माझ्याच अंगणातल्या चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहते. संध्याकाळी मका-घेवड्याचा बीन ब्रेड घेऊन गेले. ती भाज्या डबाबंद करायच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, बोटांना पालकाचा हिरवा रंग.

"डार्लाला माझ्या वर्गात घाल."

"नाही."

"बहिणीची पोर ती आपलीच पोर, वायनो. मावशी नावाची गोष्टच नसते आपल्यात. मीही तिची आईच."

"तुला हे सोयीचं असलं की आठवतं, ताई."

"तिकडे कॅलिफोर्नियात, ओकलंडला, काय शिकवलंस तिला? घरातलं पाणीसुद्धा मागता येत नाही आपल्या भाषेत."

तिने फडक्याने बोटं चोळली. मग म्हणाली, "ऐक. जूनमध्ये मी ओकलंडला परत जाणार. तिथल्या मैत्रिणीने लाँड्रीत काम बघून ठेवलंय. डार्ला इथे रमली, बोलायला लागली, तर राहू दे तुझ्याकडे. मला एकटीला तिचं सगळं झेपत नाही, हे खरं आहे. पण नाही रमली तर मी घेऊन जाईन, आणि मग तू आडवी यायचं नाहीस."

"कबूल."

बीन ब्रेड तिने खाल्ला नाही. डार्लाने खाल्ला. दारात बसून दोन्ही हातांनी खाल्ला. अशी एक पोर माझ्या घरात असती तर, असं वाटून गेलं. वाटून गेलं कशाला म्हणू, वाटतंच. मला ती हवी आहे. आता मे महिन्यात शाळा संपेपर्यंत तिला बोलतं करणं माझ्या हातात आहे.

९ ऑक्टोबर

वर्गाचा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. या खोलीत इंग्रजी नाही. इंग्रजीत विचाराल तर उत्तर मिळणार नाही. पण मार नाही, साबण नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही. ते गोऱ्यांचे धंदे. चेरोकी माणूस पोराला मारत नाही, चिडवून चिडवून सरळ करतो. चुकलेल्याला सगळ्यांनी मिळून हसायचं, बस. पोरांना हा नियम फार आवडला.

आज डार्लाने इंग्रजीत पेन्सिल मागितली. नेली सावरजॉन पटकन म्हणाली, "ही दुकानातलं अंडं आहे. आजी म्हणते, दुकानातलं अंडं कसं पांढरं, धुतलेलं. कोंबडीला उन्हाळ्यापर्यंत बसवा त्याच्यावर, पिल्लू निघायचं नाही."

वर्ग खदखदून हसला. मलाही हसू आवरेना. सात वर्षांची पोर आणि जीभ काय! अशी भाषा पुस्तकातून शिकवता येत नाही. मग सगळ्यांनी कोंबडीसारखं पक पक पक केलं. डार्लाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, म्हणून मी हळूच तिला अर्थ सांगितला, इंग्रजीत, अगदी एकदाच. तिला कळलं पाहिजे ना.

१८ ऑक्टोबर

मामा दुपारी वर्ग सुटल्यावर थांबला. शेगडीतली राख काढली. यंदा हिकरीच्या झाडांना फळ बरं आहे म्हणाला. बिलीची गाय व्याली म्हणाला. मग म्हणाला, "माझ्या लहानपणी चिडवायचं काम आजोबांच्या कुळातल्या माणसांचं असे. आईच्या कुळातली माणसं चिडवत नसत. त्यांनी चिडवलं तर पोरानं जायचं कुठे, असं म्हणत."

मी म्हटलं, "मामा, ते दिवस गेले. आता कुणाचं कुळ कोणतं हे निम्म्यांना माहीत नाही."

"असेल," तो म्हणाला आणि राखेची बादली घेऊन गेला. जुनी माणसं अशीच मधेच काहीतरी आठवत बसतात. कुळ आईकडून येतं, मी आणि डार्ला दोघी हरीण कुळातल्या, हे मला काय माहीत नाही?

२० नोव्हेंबर

डार्ला आता इंग्रजी एक शब्द बोलत नाही. वर्गात नाही, मधल्या सुट्टीत नाही. चेरोकीही अजून नाही, पण त्याची घाई नाही. आमची मुलं अशीच शिकतात. आधी पुष्कळ दिवस गप्प राहून बघतात, ऐकतात, सगळं आत साठवतात, आणि तोंड उघडतात तेव्हा नीटच उघडतात. गोऱ्यांची पोरं पहिल्या दिवसापासून चुकीचं बडबडतात. प्रुइटना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे शांत आहे ती. शांत मुलं मला आवडतात."

२ डिसेंबर

वायनोना आली होती. उभ्या उभ्याच बोलली.

"डार्ला घरीही बोलत नाही."

"चेरोकीत बोल तिच्याशी, बोलेल."

"ताई, ती माझ्याशी बोलत नाही. खुणा करते. अंथरूण ओलं करते. आठ वर्षांची आहे ती. स्वतःचे केस चावते, हे बघ, इथपर्यंत होते, इथपर्यंत आले."

"बाळाला दात येताना ताप येतो. म्हणून दात नको म्हणतेस का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणीची वायनोना आठवली. बोर्डिंगात मेट्रन साबणाची वडी घेऊन उभी राहायची तेव्हा ती अशीच बघायची. मला कधी साबण खावा लागला नाही. मी लवकर गप्प राहायला शिकले. वायनोनाला ते कधी जमलं नाही, त्याला कोण काय करणार!

रविवारी तिचं चर्चमधलं गाणंही बंद झालं. स्तोत्रं तेवढी तिला चेरोकीत येतात, पण आता नुसती पुस्तक धरून उभी असते. मागच्या बाकावरच्या बायका तोंडाला फेस आल्याची खूण करतात. माझा विनोद एवढा टिकेल असं वाटलं नव्हतं.

१५ जानेवारी १९७३

सुट्टीनंतर शाळा उघडली. मामा आला नाही. पाठ धरली आहे असा निरोप. शेगडी मीच पेटवली.

२९ जानेवारी

मामाची पाठ अजून तशीच. पण वाण्याच्या दुकानात मक्याचं पोतं उचलताना दिसला. मी हाक मारली. त्याने हात वर केला, थंडी फार आहे म्हणाला आणि गेला. काही दुखलं असेल तर तोंडाने सांगावं की. पण आपल्यात सांगायची पद्धत नाही. नको असलं की माणूस येणं बंद करतो, एवढंच. मला वाईट वाटलं. त्याच्याशिवाय वर्ग चालणार नाही असं नाही, चालतोयच. तरी वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी

मोठी बातमी. डार्ला आज वर्गात शिरताना स्वतःच पक पक पक करत आली! दोन्ही हात पंखांसारखे हलवत, माझ्या टेबलापर्यंत. कुणी काही म्हणायच्या आधीच. पोरं लोळून हसली. स्वतःवर हसता येणं ही चेरोकी माणसाची पहिली खूण. पोर चेरोकी व्हायला लागली. घरी येऊन मी एकटीनेच कॉफी करून प्यायले, साखर जास्त घालून.

१७ मार्च

शाळेत रानकांद्यांचं जेवण. नदीकाठचे रानकांदे आणि अंडी, तीनचार कढया, बाहेर गाड्यांची रांग. वर्गाच्या पोरांनी वाढायला मदत केली. डार्लाच्या नव्या कोटाच्या खिशात कुणीतरी दुकानातलं कच्चं अंडं टाकलं आणि मग सगळे तिला येऊन मिठ्या मारायला लागले. फुटलंच. कोट वायनोनाने कारखान्याच्या पगारातून घेतला होता, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसत बसली. बायका हसत होत्या. मीही हसले, पण जरा जास्त झालं असं वाटलं. सोमवारी पोरांना सांगायला हवं, अन्नाची नासाडी करू नये म्हणून.

सावरजॉन आणि आणखी एका घराने पोरं माझ्या वर्गातून काढून इंग्रजीच्या वर्गात घातली. विचारलं तर नेलीची आई म्हणाली, "ती घरी आजीला चिडवायला लागली." एवढ्यावरून? काही कळत नाही लोकांचं. भाषा हवी म्हणतात आणि भाषेची धार नको.

२ एप्रिल

पत्र आलं. मेमध्ये वॉशिंग्टनचे तीन पाहुणे वर्ग बघायला येणार. त्यांना पोरं बोलताना ऐकायची आहेत. पसंत पडलं तर पुढची तीन वर्षं पक्की, नाहीतर जूनमध्ये टाळं. आणि तोच मे महिना वायनोनाच्या कराराचा. दोन्ही फास एकाच दोरीचे. डार्ला बोलली नाही तर माझं सगळंच जातं, वर्गही आणि पोरही. आज फार भीती वाटली. ती खरंच कधी बोललीच नाही तर? साठवत नसेल, नुसतीच गप्प असेल तर?

असले विचार करून काय होणार!

११ एप्रिल

डार्लाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. वर्गात दोघीच. मी चेरोकीत सावकाश सांगितलं, पाहुण्यांसमोर प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव, आपलं कुळ आणि आपली आई सांगायची, मग आईबद्दल दोन वाक्यं. "तू नीट बोललीस ना, की तुझ्या आईला फार फार आनंद होईल. बघशील तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "खरंच?"

चेरोकीत! सहा महिन्यांतला पहिला शब्द आणि उच्चार तरी किती सुरेख, हुबेहूब मामासारखा. मी तिला जवळ घेतलं. ती काठीसारखी ताठ उभी होती, पण लाजाळू आहे ती. मी रडले. लिहायला लाज कसली, रडले.

१० मे

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या स्वप्न वाटेल.

सभागृह भरलं होतं. पुढे तीन पाहुणे, टाय लावलेले, घामाघूम. मागे आपले लोक. मामाही आला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. वायनोना दाराजवळ उभी, कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन, केस विंचरून. बाहेर झाडाखाली टेबलांवर स्ट्रॉबेऱ्या आणि डुकराचं तळलेलं मांस.

पोरं एकेक उभी राहिली. माझं नाव अमुक, माझं कुळ अमुक, ही माझी आई, तिच्या हातचं हिकरीच्या दाण्यांचं कनुची सूप गोड लागतं, वगैरे. दोघं अडखळले. मग डार्ला.

ती पुढे आली आणि खणखणीत आवाजात बोलली. "माझं नाव डार्ला. माझं कुळ हरीण. ती दाराजवळ उभी आहे ना, ती माझी आई." वायनोना हसली. किती महिन्यांनी तिला हसताना बघितलं. "तिला बोलता येत नाही. तिच्या तोंडातून फेस येतो. मी दुकानातलं अंडं, कारण तिनेच मला दुकानात घातलं. तिच्यावर कितीही बसा, पिल्लू निघायचं नाही." आणि मग दोन्ही हात हलवत, आईकडे तोंड करून, पक पक पक, पक पक पक.

एक शब्द चुकला नाही. पोरीने ऐकलेलं सगळं साठवलं होतं, मी म्हणत होते तसंच.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कोंबडीची गोष्ट वाटली असावी, एकजण तर पक पक करून बघत होता. मागच्या लोकांपैकी कुणीच हसलं नाही. आपले लोक भारावले की गप्प होतात. डार्ला हात हलवत तशीच उभी होती, त्यांच्याकडे बघत, हशाची वाट बघत. हसू येईना तेव्हा तिने पुन्हा एकदा केलं, जास्त मोठ्याने.

मामा उठला, टोपी घातली आणि गेला. मग एकेक करून सगळे उठले. मला वाटलं जेवायला निघाले. बाहेर जाऊन बघते तर गाड्या निघून चालल्या होत्या. टेबलांवर स्ट्रॉबेऱ्या तशाच, माश्या बसत होत्या. गाठायचा असेल कुणाला बाजार, परवा स्टिलवेल गावात स्ट्रॉबेरीच्या सणाची गर्दी.

एक गोष्ट खटकली, लिहून ठेवते. आईबद्दल आपल्यात असं कुणी बोलत नाही. कधीच नाही. हे मलाही माहीत आहे. पण आठ वर्षांच्या पोराला कुठे कळतं, आणि भाषा तर निर्दोष होती.

प्रुइट धावत आले. तीन वर्षं पक्की. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

११ मे

वायनोना सकाळी कामावर जाताना अंगणात थांबली. मला वाटलं भांडेल. मी तयारीने बसले होते. ती फक्त म्हणाली, चेरोकीत, अडखळत, एकेक शब्द शोधत, "ती बोलायला लागली. मी शब्द दिला होता. ठेव."

"अगं, पोर आहे ती. तिला कुठे माहीत..."

"तिला माहीत आहे," वायनोना म्हणाली. "माझ्याकडे बघून बोलली ती."

तिची बोली काही अगदीच गेलेली नाही. सरावाने सुधारली असती.

३ जून

वायनोना आज बसने गेली. थांब्यावर आम्ही तिघीच. डार्लाच्या केसांवरून तिने हात फिरवायला पुढे केला, आणि डार्लाने चटकन पक पक केलं. आजकाल कुणी हात उगारला, नुसता वर केला तरी ती आधी तेच करते. वायनोनाचा हात तिथेच राहिला. मग ती चढली. खिडकीतून बघितलं नाही.

डार्ला रडली नाही. चिवट आहे. डार्लाची खाट मी माझ्या खोलीत लावली, नवी गोधडी घातली. इतकी वर्षं रिकामी असलेली ती जागा! रात्री दिवा मालवायच्या आधी मी दोनदा उठून बघितलं. माझी पोर.

४ जून

सकाळी मी मक्याच्या कण्या ढवळत होते. डार्ला दारात येऊन उभी राहिली, अनवाणी, कालचाच फ्रॉक. आणि इंग्रजीत बोलली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "मी नीट बोलले ना? मग आई आनंदी का नाही झाली? ती का गेली?"

माझ्या हातातला डाव थांबला. क्षणभर वाटलं, खाली बसावं आणि सांगावं. काय सांगणार होते कोण जाणे. पण वर्गाचा नियम तोच आता घराचा, आणि तो पहिल्याच दिवशी मोडला की मग कायमचा मोडतो. आणि एवढ्या कष्टाने मिळवलेलं एका सकाळीत घालवायचं का?

मी म्हटलं, "आपल्या भाषेत विचार. मग सांगते."

ती उभी राहिली. ओठ हलले, पण आवाज नाही. मी कण्या वाटीत काढल्या, वर मध घातला, टेबलावर ठेवल्या. आता दुपार झाली आहे. ती अजून दारातच आहे. कण्या गार झाल्या. विचारेल. मला घाई नाही.